तिसाचे साठ

चोवीस वर्षं फौजेत काढली. भरती झालो तेव्हा ठणठणीत होतो, घरी आलो तो बीपीच्या गोळ्या खिशात घेऊन. 2022 साली निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व लिहिलं, तेही आयुष्यभरासाठी. शेजारच्या रकान्यात मात्र सेवेमुळे नाही, सेवेने वाढलंही नाही. अपंगत्व पेन्शनचा क्लेम नामंजूर. तुम्हा माजी सैनिकांतल्या निम्म्यांच्या कागदावर हेच असेल.

मला लुटणारा भेटला एका फौजी मित्राच्या मुलीच्या लग्नात. म्हणाला, फौजींचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होतो. सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल, 2013: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असं धरायचं. राम अवतार, 2014: अपंगत्व 50 च्या खाली असेल तर 50 धरून पैसे. हे दोन्ही निकाल खरे आहेत हो! निव्वळ थापा मारल्या असत्या तर मी काही काल भरती झालेला पोरगा नव्हतो.

अपील मी करून देतो म्हणाला. नोंदणीचे 11,800, म्हणे जीएसटीसकट. पावती नाही. मग 'प्रयागराजला', म्हणजे फौजेच्या पेन्शन कार्यालयात, 'फाइल हलवायला' 28,500, यूपीआयने, कुठल्याशा बाईच्या खात्यावर. आठवड्यात व्हॉट्सॲपवर मंजुरीचा आदेश आला. शिक्का, माझा नंबर, रँक, सगळं बरोबर. आणि टक्केवारी? 30 ची 60.

साठ! पायऱ्या तीनच आहेत: 50, 75, 100. साठ कुठून आणलं? हिने ताटावरच विचारलं, "तुम्ही तर पन्नास म्हणत होता ना?" मी तिला गप्प केलं. त्याला फोन केला तर, "साहेबांनी तुमच्यासाठी खास केलंय, कुठं बोलू नका." नाही बोललो. कॅल्क्युलेटर घेऊन थकबाकी मोजत बसलो. दुसऱ्या दिवशी 45,000 रोख, 'एरियर्स सुटायला'. एकूण 85,300.

हावरट म्हणा. पण फौजीने फौजीवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतःहूनच दिले ना?" यूपीआय आहे म्हणून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, रोखीचं ठाण्यातच बघा. बँकेत विचारलं, सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर लगेच फोन का नाही केला? मी केला एकोणीस दिवसांनी, लाजेपोटी. तुम्ही त्याच तासात करा. सैनिक कल्याण कार्यालयात दोनदा 'साहेब मीटिंगला'. तिसऱ्यांदा तिथला बाबू सुनावतो, "असल्यांकडे जाताच कशाला? अपील आम्ही फुकट लिहून देतो." अरे, मग क्लेम नाकारल्याचं पत्र घेऊन मी आलो होतो, तेव्हा 'रेकॉर्डला लिहा' म्हणून वाटेला कोणी लावलं? बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

अपील त्याने केलंच नव्हतं. पहिल्या अपिलाचे सहा महिने असे गेले. आता उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज. अपील पोचलं का, हे रेकॉर्ड ऑफिसला स्वतः लिहून विचारा. स्पर्श या पेन्शन पोर्टलचा ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नका. पुढे सशस्त्र दल ट्रिब्युनलची पाळी आलीच तर मुंबईला खंडपीठ आहे, आणि दिव्यांगाला विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. हे मला 85,300 गेल्यावर कळलं.

मेडिकल बोर्डाच्या कागदाची माझी प्रतही त्याच्याकडेच राहिली. दुसरी मागवली आहे.

त्याचा पत्ता काढायला मित्राकडे गेलो. लग्नाच्या व्हिडिओत तो माझ्याच शेजारी जेवताना दिसतो. मित्र म्हणाला, "मला वाटलं, तू घेऊन आलायस."