वाळवीची ट्रीटमेंट म्हणून फिनेल आणि रॉकेल मारून गेला, सावध रहा

नमस्कार, आम्ही शिवाजी पेठेत राहतो, घर सासऱ्यांच्या वेळचं, सोप्याला सागवानी तुळया आणि मागं परडं, परड्यात मोगरा, अबोली, कढीपत्ता असं मी हातानं लावलेलं. आणि बंड्या, आमचा गावठी कुत्रा, सहा वर्षाचा. हे सगळं आधीच सांगते कारण त्या माणसानं ह्या सगळ्यालाच हात लावलाय.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री ट्यूबलाईटभोवती पंखवाले किडे आले, सकाळी फरशीवर नुसता पंखांचा सडा. ती वाळवीच असते. पण ती जवळच्या झाडाखालच्या मातीतनं पण येते, घर पोखरलंय असंच काही नाही, हे मला नंतर कळलं. दोन दिवसांनी एकजण दारात, पाठीला पंप, गळ्यात कार्ड, "काकी, मागच्या गल्लीत काम चालू आहे, फुकट तपासून देतो." देवघराच्या चौकटीवर वाळवीची मातीची एक रेघ मी स्वतः बघितली होती म्हणून आत घेतलं. तो एकटाच माळ्यावर चढला आणि पाच मिनिटांत एका डबीत मूठभर वळवळणारी वाळवी घेऊन खाली आला, म्हणाला तुळई आतनं पोकळ झाली, ह्या पावसाळ्यात खाली येईल. मिस्टर कामावर, सासूबाई घाबरून रडायलाच लागल्या. चौदा हजार म्हणाला, साडेनऊवर आला, दहा वर्षाची वॉरंटी. निम्मे फोनवरनं पाठवले, निम्मे रोख. बिल मागितलं तर "ऑफिसमधनं संध्याकाळी येतंय" म्हणाला.

आता त्यानं काम काय केलं ते नीट सांगते. सोप्यात भिंतीच्या कडेनं ड्रिलनं दहा-बारा भोकं पाडली, पंपातलं थोडं थोडं आत सोडलं, उरलेलं तुळयांवर फवारलं आणि शेवटी परड्यात भिंतीलगत ओतलं. सगळं मिळून एक पंप, म्हणजे सोळा लिटर. औषध पाण्यात घातल्यावर दुधासारखं पांढरं झालं म्हणून माझा विश्वास बसला, पण पांढरं फिनेल पाण्यात घातलं तरी तसंच होतंय ओ. वास रॉकेलचा येत होता, विचारलं तर म्हणाला औषधाला असाच वास असतो. मूळ बाटली मी बघितलीच नाही, तो साध्या पाण्याच्या बाटलीतनं ओतत होता.

कुत्रं बांधा, लांब ठेवा असं एका शब्दानं बोलला नाही. बंड्या ओल्या भिंतीपाशी जाऊन बसला आणि पाय चाटत राहिला. रात्री नऊला लाळ गळायला लागली, दोनदा उलटी, मागचे पाय लटपटायला लागले, रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कोणतं औषध मारलंय? मला सांगता येईना. ते म्हणाले क्लोरपायरीफॉससारखं कीटकनाशक असेल तर अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, रॉकेल असेल तर मुद्दाम उलटी काढायची नसते, फुफ्फुसात जातं, म्हणजे दोन्हीचे उपचार वेगळे आणि मी नुसती उभी. त्या माणसाला फोन लावला, एकदा उचलून कट केला, मग बंदच. शेवटी डॉक्टरांनी अंगाचा वास घेऊन, डोळ्याच्या बाहुल्या बघून ठरवलं की हे फिनेल-रॉकेलच असणार, पाय धुतले, सलाईन लावलं. बंड्या वाचला, पण ती रात्र मी विसरणार नाही.

मोगरा आठवड्यात वाळला. अबोली पण गेली. कढीपत्ता एका बाजूनं जगलाय.

वीस दिवसांनी चौकटीवरची तीच मातीची रेघ परत दिसली. मग ओळखीतनं दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं रेघ बोटानं थोडी मोडून ठेवली, तीन दिवसांत वाळवीनं ती भरून काढली, म्हणजे आत जिवंत आहे. माळ्यावर मात्र एकही रेघ नाही, तुळई ठोकली तर भरीव आवाज. डबीतली वाळवी तो पहिला माणूस बरोबरच घेऊन आला असणार. ह्या दुसऱ्यानं सांगितलं की आपल्याकडची घरात शिरणारी वाळवी बहुतेक मातीतनं येते, त्यामुळं लाकडावर नुसतं फवारून भागत नाही, भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं, प्रत्येक भोकात 1 लिटर औषध, मग सिमेंटनं बुजवायचं. आमच्या आतल्या भिंती मोजल्या तर सत्तर फुटाच्या वर, म्हणजे सत्तर लिटर तरी पाहिजे, आणि तो पहिला सोळा लिटरमध्ये घर, माळा, परडं सगळं करून गेला! एवढा हिशोब त्या दिवशी माहीत असता तर मी त्याला दारातनंच परत पाठवला असता.

हे काम करणाऱ्याकडं कीटकनाशक कायदा 1968 खाली लायसन लागतं, ते बघायला मागा. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा, लेबलवर औषध किती विषारी ते दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो, औषधाचं नाव असतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, घरात जनावर किंवा लहान मूल असेल तर नक्कीच. आणि माळ्यावर त्याच्याबरोबर घरातलं कोणीतरी चढाच. आम्ही चौकीत अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाईन 1915 वर पण तक्रार केली, पण बिल नाही, पैसे गेले ते नाव पण भलत्याच कुणाचं, त्यामुळं पैसे परत येतील असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मंगळवार पेठेत नणंदेच्या दारात पण असाच एकजण आला, पाठीला पंप, तीच मागच्या गल्लीतल्या कामाची गोष्ट. तिला मी सगळं सांगून ठेवलं होतं, तिनं आधी बाटली दाखवा म्हटलं. "गाडीत आहे, आणतो" म्हणून गेला तो परत आलाच नाही.