झबली, लंगोट आणि दुपटी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या लेकीचा जन्म गेल्या जुलैमध्ये चिपळूणला, माझ्या माहेरी झाला. पावसाळ्याचे अडीच महिने तिथे काढून ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही नाशिकला परतलो आणि आता एप्रिलमध्ये ती नऊ महिन्यांची झाली आहे. कोकणातला दमट पावसाळा आणि नाशिकची कोरडी थंडी अशा दोन हवामानांत तेच कपडे वापरल्यामुळे खरेदीच्या वेळी मी ज्या गोष्टींचा विचार केला होता त्यांतल्या निम्म्या निरुपयोगी होत्या आणि ज्यांचा विचारही केला नव्हता त्याच रोज आडव्या आल्या, असे लक्षात आले. त्यांतली मुख्य गोष्ट आधीच सांगते : बाळाला किती कपडे लागतात हे ते किती वेळा ओले करते यापेक्षा ओला कपडा किती वेळात वाळतो यावर ठरते.

जन्माआधी नवे कपडे आणायचे नाहीत, अशी आमच्या घरी रीत आहे. त्यामुळे आईने जुन्या सुती साड्या आणि वडिलांची दोन मलमली धोतरे फाडून लंगोट व दुपटी शिवून ठेवली होती आणि मावसबहिणीच्या मुलाची आठ झबली मागून आणली होती. मी याला मनातून नाक मुरडले होते. पण वीस वर्षे धुतल्या गेलेल्या कापडातली खळ, जादा रंग आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून कारखान्यात लावलेली रसायने केव्हाच निघून गेलेली असतात, हे पटायला पहिला आठवडाही लागला नाही. नवे कपडे बारशानंतर आले. ते आधी दोनदा धुऊनच अंगाला लावले आणि त्या दोन धुण्यांत होजिअरीची झबली लांबीला चांगली दोन बोटे आटली. म्हणून नवे सुती कपडे नेमक्या मापाचे कधीही घेऊ नयेत.

लंगोटांविषयी सविस्तर लिहावे लागेल, कारण सगळा जीव त्यांतच अडकला होता. पहिल्या महिन्यात दिवसाला पंधरा ते अठरा लंगोट लागत. आईने चोवीस शिवले होते आणि ते एरवी पुरले असते. पण जुलैअखेरीस चिपळूणला आठ-आठ दिवस ऊन दिसत नव्हते आणि माजघरातल्या दोरीवरचा लंगोट पंखा लावूनही दुसऱ्या दिवशी दुपारी कसाबसा वाळत होता. म्हणजे अठरा लंगोट रोज वापरायचे तर किमान चाळीस हवेत. आम्ही आणखी वीस शिवले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. माझ्या आजीने तिच्या पद्धतीप्रमाणे निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून त्यावर कपडे वाळवले. ते तासाभरात खडखडीत होत, परंतु त्यांना धुराचा वास लागे. शिवाय बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसल्याने कळतही नाही, म्हणून डॉक्टरांनी बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी बंद करायला सांगितली. आजी दोन दिवस रुसली होती. त्यानंतर शेगडीची जागा इस्त्रीने घेतली. अर्धवट वाळलेल्या लंगोटावर इस्त्री फिरवली की उरलेली ओल जाते आणि कुबट वासही राहत नाही.

याच काळात मी हौसेने सहा कापडी डायपर मागवले होते, बाहेरून पाणी न झिरपणारा थर आणि आत घालायच्या जाड घड्या असलेले. त्यांचे काम वाईट नाही, पण त्या जाड घड्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नसत. इस्त्री करावी तर बाहेरचा थर खराब होण्याची भीती. ते सहाही डायपर मी बांधून ठेवले आणि नाशिकला आल्यावर काढले. इथे ते चार-पाच तासांत वाळतात आणि आजही वापरात आहेत. म्हणजे दोष वस्तूचा नव्हता, माझ्या वेळेचा होता. रात्रीसाठी आणि दवाखान्यात जाताना आम्ही बाजारातले वापरून टाकायचे डायपर वापरले, त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. लंगोट असो वा डायपर, नाळ पडेपर्यंत त्याची वरची कड बेंबीच्या खाली दुमडून ठेवावी. नाळ कोरडी राहिली तर लवकर सुकते. आमच्याकडे ती नवव्या दिवशी पडली.

झबल्यांत निर्विवाद पहिला क्रमांक पुढून उघडणाऱ्या, बाजूला बांधायचे बंद असलेल्या साध्या झबल्याचा. नवजात बाळाची मान धरत नाही, त्यामुळे डोक्यातून घालायचा कपडा म्हणजे आईची परीक्षा असते; पुढून उघडणारे झबले मात्र गादीवर पसरावे, त्यावर बाळ ठेवावे आणि बंद बांधावेत, झाले. बंद आखूड असावेत आणि गळ्यापाशी नाडी मुळीच नसावी. आलेल्या भेटींपैकी दोन झबल्यांच्या गळ्याला लांब रेशमी नाड्या होत्या, त्या मी कापूनच टाकल्या. टिचबटणाची झबली दिसायला नीटस, पण स्वस्तातल्या एका जोडाची बटणे महिनाभरात सैल झाली आणि सुटलेले बटण बाळाच्या तोंडात जाण्याची धास्ती नको म्हणून मी ती बाद केली. बाळ पाठीवर निजते, म्हणून पाठीवर बटणे असलेले काहीच नको.

तीन महिन्यांनंतर मात्र तिरुपूरच्या बाजूने येणारे होजिअरीचे ताणले जाणारे कपडे अधिक सोयीचे वाटू लागले. त्यांतल्या काहींच्या खांद्यावर कापडाच्या दोन पाती एकमेकींवर चढवलेल्या असतात. ती नुसती शोभा आहे, असे मला वाटत होते. एकदा शी पाठीपर्यंत पसरली, तेव्हा शेजारच्या काकूंनी दाखवले की त्या पाती ओढून गळा रुंद करता येतो आणि कपडा डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली उतरवता येतो. हे कपड्यावर कुठेही लिहिलेले नसते.

शिवणीकडे दुकानात कोणी पाहत नाही. माझ्या लेकीच्या काखेत बारीक लाल रेघ उमटायची, तिचे कारण आतल्या बाजूची जाड शिवण आणि मानेमागची नायलॉनची चिठ्ठी हे होते. चिठ्ठी उसवली आणि पहिले दोन महिने घरात झबली सरळ उलटी घातली. पाहुण्यांनी दोनतीनदा लक्षात आणून दिले, मी मान डोलावली. हातमोज्यांचेही तसेच : आतले सुटे दोरे बोटाभोवती गुंडाळले जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. नखे कापत गेल्यावर आम्हांला हातमोज्यांची गरज उरली नाही.

मापाविषयी एवढेच सांगते की चिठ्ठीवरच्या महिन्यांवर विसंबू नये. लेक जन्मली तेव्हा २ किलो ७०० ग्रॅमची होती. ‘० ते ३ महिने’ लिहिलेल्या कपड्यांत ती पहिला महिना अक्षरशः हरवून जायची, आणि पाचव्या महिन्यात वजन दुप्पट झाल्यावर ‘३ ते ६’चे कपडे मांड्यांना रुतू लागले. वजन पाहून घ्यावे, आणि शंका असेल तिथे मोठे.

दुपट्यांवर आमच्या घरात खरा वाद झाला. आजीच्या मते बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळले नाहीत तर ते फेंगडे होतात. बालरोगतज्ज्ञांनी याच्या नेमके उलट सांगितले : नवजात बाळाचे पाय गुडघ्यात दुमडलेले आणि बाहेर पसरलेले राहणेच स्वाभाविक असते, ते जबरदस्तीने सरळ बांधले तर खुब्याचा सांधा आपल्या खोबणीत नीट बसत नाही. शेवटी हात आणि छाती बेताने गुंडाळायची, कमरेखाली मात्र पाय उचलता येतील इतके सैल ठेवायचे आणि बाळ पाठीवरच निजवायचे, यावर तह झाला. साडेतीन महिन्यांची असताना ती कुशीवर वळायला लागली, त्या दिवसापासून गुंडाळणे बंद केले, कारण हात बांधलेले बाळ पालथे झाले तर स्वतःला सावरू शकत नाही. कापडात मलमलीच्या दुपट्याला तोड नाही. बाजारातले मऊ, केसाळ, कृत्रिम धाग्याचे दुपटे हाताला छान लागते, पण त्यात ती ऑगस्टमध्ये घामाने चिंब झाली होती आणि मानेवर घामोळे आले.

धुण्याच्या बाबतीत मी सर्वांत मोठी चूक केली ती गरम पाण्याची. स्वच्छतेच्या नादात शीचे आणि दुधाचे डाग थेट कढत पाण्यात भिजवले. त्यांतली प्रथिने उष्णतेने गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो. आधी गार पाण्याने खळबळून, मग साबण लावून, गरम पाणी शेवटी, हा क्रम नंतर कळला. पिवळे डाग तरीही राहत. चिपळूणला मी त्यांचा नाद सोडला होता. नाशिकच्या ऑक्टोबरच्या उन्हात ओलीच दुपटी दोन दुपारी पसरल्यावर ते आपोआप फिकट होऊन गेले. मालिशच्या तेलाचे मात्र उन्हाने काही होत नाही. ते कापडात मुरून खवट वास येतो, म्हणून मालिशनंतरच्या तासाभरासाठी तीन जुनी झबली वेगळीच काढून ठेवावीत.

नाशिकला आमच्या इमारतीत बोअरिंगचे जड पाणी येते. तिथे साबणाच्या वडीने धुतलेले लंगोट आठवडाभरात पापडासारखे कडक झाले, कारण पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा चिकट साका तयार होतो आणि तो धाग्यांत अडकून बसतो. बिनवासाची सौम्य पावडर आणि एकाऐवजी दोनदा खळबळणे, यांनी तो प्रश्न सुटला. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण मी एकदाच वापरले. त्याचा थर बसल्यावर लंगोट पाणी शोषेनासे झाले, म्हणजे त्यांचे एकमेव कामच गेले.

थंडीत निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येऊ लागल्या की आमच्या घरातही स्वेटरांचा ढीग बाहेर पडतो. सासूबाईंनी विणलेला लोकरीचा स्वेटर मी कायम सुती झबल्यावरच घातला, कारण लोकर थेट कातडीला टोचते. आपल्या अंगावर जितके थर असतील त्याहून बाळाला एक थर जास्त, हा हिशोब आम्हांला पुरला. बाळाचे हातपाय गार लागले म्हणून सगळे घाबरतात. खरे पाहायचे ते मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून. तिथे घाम असेल तर एक थर काढायला हवा. घरात झोपताना टोपडे घालत नव्हतो, कारण बाळ जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकते. गोधडी तिच्या खाली असे, अंगावर नाही.

बोरन्हाणासाठी घेतलेले काळे झबले हा या खरेदीतला सर्वांत फसलेला भाग. हलव्याच्या दागिन्यांसह फोटो सुरेख आले आणि संध्याकाळी काखा व मान निळसर काळी झाली. पांढरा ओला रुमाल कपड्याच्या आतल्या बाजूवर घासून पाहिला असता तर दुकानातच कळले असते. जरीच्या खणाची कुंची बारशाला वीस मिनिटे टिकली. तिच्या आत मलमलीचे अस्तर लावून घ्यायला हवे होते.

माळ्यावरून आलेल्या भेटींना डांबरगोळ्यांचा वास असेल, तर ते कपडे कितीही सुंदर असले तरी लगेच बाळाला घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि अशा बाळांत डांबरगोळीतल्या नॅफ्थलिनमुळे तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते. असा एक जोड मी तीन दिवस उन्हात ठेवून दोनदा धुतला, तरी वास गेला नाही; शेवटी तो टाकला. आमचे लहान झालेले कपडे आता कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह जुन्या धोतरात बांधून ठेवले आहेत.

चव्वेचाळीस लंगोटांपैकी एकतीस अजून धड आहेत, बाकीचे स्वयंपाकघरात पुसणी म्हणून गेले. मावसबहिणीची आठ झबली परत द्यायची होती, त्यांतली सहा गेल्या महिन्यात तिच्या जावेकडे गेली. उरलेली दोन इतकी विरली आहेत की कोणाला देता येणार नाहीत. वडिलांच्या धोतराचे एक दुपटे मात्र लेक हातात धरल्याशिवाय झोपत नाही, त्यामुळे ते धुवायचे असेल तर सकाळी नऊच्या आत धुऊन उन्हात घालावे लागते.