खिडक्यांच्या वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली झालेली फसवणूक

पावसाळा तोंडावर आला की पुण्यात सोसायट्यांच्या गेटवर पत्रकं लागतात : ‘घराचा संपूर्ण रंग, खिडक्यांच्या वॉटरप्रूफिंगसह, मटेरियल आमचं.’ अशाच एका पत्रकावरून बोलावलेल्या ठेकेदाराने आम्हाला फसवलं. नेमकं कुठे फसवलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण यातली प्रत्येक लबाडी काम चालू असतानाच पकडता येते. एकदा रंगाचा शेवटचा हात बसला की सगळं झाकलं जातं.

आमचं घर सिंहगड रोडला, बेडरूमच्या खिडक्या पश्चिमेला. पावसाचा मारा त्याच बाजूने. ‘थेंबसुद्धा आत येणार नाही, ताई,’ असं म्हणून त्याने प्रत्येक खिडकीमागे १५०० रुपये जादा घेतले. पहिल्याच मोठ्या पावसात खिडकीच्या आतल्या कडेवरून पाणी भिंतीवर उतरलं आणि नव्या रंगाला फुगे आले. त्याआधी या खिडक्या एवढ्या कधीच गळल्या नव्हत्या.

शेजारच्या काकांचं सगळं आयुष्य ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवण्यात गेलंय. त्यांनी खिडकीचं शटर, म्हणजे सरकणारी काच, उचलून काढलं आणि खालचा ट्रॅक दाखवला. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. ट्रॅकमध्ये साठणारं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती सगळी भोकं त्या माणसाने सिलिकॉनने बुजवली होती. पाण्याला आत येण्यावाचून वाट नव्हती. आणि जिथे सिलिकॉन भरायला हवं होतं, म्हणजे फ्रेम आणि भिंतीच्या बाहेरच्या सांध्यात, तिथे नुसतं व्हाइट सिमेंट फासून वरून रंग मारला होता. उन्हाने ॲल्युमिनियम प्रसरण पावतं, सांधा थोडा थोडा हलत राहतो. सिलिकॉन त्याबरोबर ताणलं जातं, सिमेंटला मात्र चीर पडते.

‘अगं, हे न समजून झालेलं नाही,’ काका म्हणाले. ‘सांधा भरायचा तर बाहेर लटकून काम करावं लागतं, ट्यूबाही भरपूर लागतात. भोकांना जरासं पुरतं, आणि तुला सिलिकॉन मारलेलं दिसतं.’

खिडक्यांची आतली कामं मग आम्ही घरीच केली. कटरने सिलिकॉन खरवडलं, जुन्या टूथब्रशने ट्रॅकमधली माती काढली, तारेने भोकं मोकळी केली, झिजलेली वूल पाइल (शटरच्या कडेची केसाळ पट्टी) बदलली. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहिलं तर ते सरळ बाहेर पडलं. हे तांब्याभर पाणी कारागिराला पैसे देण्याआधी, त्याच्यासमोर ओता. बाहेरचा सांधा मात्र वरच्या मजल्यावरून वाकून स्वतः भरू नका; दोर आणि बेल्ट वापरणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

रंगातली फसवणूक त्यानंतर कळली. ओल्या फडक्याने भिंत पुसली तर फडक्यावर रंग उतरला. पैसे धुता येणाऱ्या इमल्शनचे घेतले होते. बादल्या कंपनीच्याच होत्या, पण घरी आल्या तेव्हा सील तुटलेलं होतं. ‘शेड मिसळायला झाकण उघडावंच लागतं,’ हे त्याचं उत्तर. दुकानातल्या मशीनवर शेड बनवला असेल तर डब्यावर शेडच्या नंबराचं स्टिकर असायला हवं आणि दुकानाचं बिल हवं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : मजुरी त्याची, मटेरियल आपलं. दुकानात स्वतः जा, आणि पाणी किती घालायचं ते डब्यावर वाचून रंग आपल्यासमोर कालवायला लावा.

बिलात लावलेलं चौरस फुटांचं मापही तपासा. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली घेतली तर भिंती ४४० चौरस फूट आणि छत १२० चौरस फूट, एकूण ५६०. त्यातून ४ बाय ५ ची खिडकी आणि ३ बाय ७ चं दार वजा केलं की उरतात ५१९. आमच्या बिलात एकही दार-खिडकी वजा नव्हती. वजावट करायची की नाही हे टेप लावण्याआधीच लेखी ठरवा.

तो आता फोन उचलत नाही. पैसे यूपीआयने दिले होते, व्हॉट्सॲपवर त्याचा दर आणि कामाची यादी आहे, फोटो आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकीलच हवा असंही नाही. आम्ही कागद जमवतो आहोत. तुमच्याकडेही असं काम झालं असेल तर रंगाचे पोपडे खरवडून टाकण्याआधी भिंतीचे आणि ट्रॅकचे तारखेसह फोटो काढून ठेवा.