मुंबईत थाळीचं टेबल बुक करायला गेले आणि ३९,९९८ रुपये गेले, कसं झालं ते सगळं लिहितेय

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, घरात पण सगळे म्हणत होते झालं ते झालं आता विसर. पण मागच्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या एकीच्या मामेसासऱ्यांना अगदी अस्साच फोन झाला, तीच ऑफर, तेच दहा रुपये, आणि त्यांचे माझ्यापेक्षा जास्त गेले. तेव्हा वाटलं मी तेव्हाच लिहिलं असतं तर निदान तिच्या तरी डोळ्यासमोर असतं.

तर जानेवारीत आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. बाबा लग्नाआधी दोन वर्षं मुंबईत गिरगावात राहायचे, खोलीत चौघं आणि जेवण खानावळीत. महिन्यातून एकदा पगार झाला की काळबादेवीला गुजराती थाळी खायची हा त्यांचा नेम होता, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, फुलके कसे सारखे येत राहायचे आणि वाढपी नको म्हटलं तरी तूप कसं सोडायचा. आईला त्यांनी तिथं न्यायचं कबूल केलं होतं ते ४० वर्षं राहूनच गेलं. म्हणून आम्ही ठरवलं की दोन दिवस मुंबईला जायचं आणि फक्त खायचं फिरायचं, मी, हे, मुलगा आणि आई-बाबा असे पाच जण.

मी तयारी फार मनापासून केली होती. वहीत तास लिहून काढले होते. आम्ही सोलापूरचे, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं धोबीतलावला क्यानीमध्ये, ते १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे, तिथं ब्रून मस्का, चहा आणि मुलासाठी मावा केक. दुपारी थाळी. दुसऱ्या दिवशी दादरला, बाबांना प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, आईला आस्वादची मिसळ. संध्याकाळी चर्चगेटला के रुस्तमचं आइस्क्रीम, ते दोन वेफरच्या मधे जाडजूड वडी घालून देतात ते. सगळं ठरलं होतं, फक्त थाळीचं टेबल बाकी होतं, आणि तीच एक काळजी होती कारण आईचे गुडघे. तिला अर्धा तास उभं राहता येत नाही, जिने तर नाहीच. शनिवारी दुपारी मुंबईत थाळीला केवढी रांग असते हे सगळे सांगत होते.

बुधवारी संध्याकाळी मी त्या हॉटेलचं नाव टाकून शोधत होते. हॉटेलचं नाव मी लिहीत नाही कारण त्यांची यात काही एक चूक नाही. आणि थोड्याच वेळात फेसबुकवर त्यांचीच जाहिरात आली, एका थाळीवर दोन थाळ्या मोफत, फक्त या आठवड्यात. लोगो तोच, ताटाचा फोटो तोच, वाट्यांची गोल रांग, मधे पुरणपोळी, डाव्या कोपऱ्यात पिवळा ढोकळा. खाली नंबर. मला फुकट थाळीचं एवढं नव्हतं खरंतर, मला नंबर पाहिजे होता.

फोन उचलला तो माणूस इतका व्यवस्थित बोलला की आजही आठवलं की अंगावर काटा येतो. मागून ताटांचा आवाज येत होता, कुणीतरी "चार नंबरला छास" असं ओरडत होतं. त्यानं विचारलं ताई किती माणसं, लहान मूल आहे का, जैन जेवण लागेल का. मी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं तर म्हणाला काही काळजी करू नका, सीनियर सिटिझनसाठी लिफ्टजवळचं टेबल ठेवतो, खुर्चीला उशी पण देऊ. मी तिथंच निश्चिंत झाले. आपल्या आईची कुणी काळजी घेतंय म्हटल्यावर माणूस संशय घेत नाही हो, आणि त्याला ते बरोबर माहीत होतं.

मग म्हणाला बुकिंगचे फक्त दहा रुपये, ते बिलात वजा होतील, पण ऑफर कार्डवरच आहे, जीपे-फोनपे चालणार नाही. हे नीट लक्षात ठेवा. जीपेनं पैसे पाठवताना समोर रक्कम आणि नाव दिसतं, पिन आपण टाकतो, म्हणून त्याला ते नकोच होतं. व्हॉट्सॅपवर लिंक आली. उघडली तर हॉटेलच्या रंगातलं पान, नाव, तारीख, किती जण, आणि खाली कार्ड नंबर, एक्सपायरी आणि मागचे तीन आकडे. मी सगळं भरलं. ते पान पैसे घेतच नव्हतं, मी भरलेलं सगळं फक्त त्याच्याकडे जात होतं आणि तो तिकडे दुसऱ्याच एका वॉलेटमध्ये माझं कार्ड टाकून पैसे भरत होता. त्याला एकच गोष्ट कमी होती, ओटीपी.

तो फोनवरच होता, म्हणाला ताई आता एक कोड येईल तो कन्फर्मेशनसाठी सांगा. मेसेज आला, फोन कानाला होता म्हणून स्पीकर लावला आणि स्क्रीनच्या वरच्या नोटिफिकेशनच्या पट्टीत जेवढं दिसलं तेवढे सहा आकडे वाचून दाखवले. मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती, २४,९९९ रुपये, ती त्या पट्टीत दिसत नव्हती, मेसेज उघडला असता तर दिसली असती. मी उघडला नाही. तो म्हणाला सर्व्हर स्लो आहे, फेल गेला, परत एक येईल. परत वाचला. १४,९९९. तिसरा आला तेव्हा मुलगा शेजारी बसला होता त्यानं पट्टी खाली ओढली आणि म्हणाला आई इथे एकोणतीस हजार का लिहिलंय.

मी फोन ठेवला आणि हात थरथरायला लागले. यांनी लगेच बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक केलं आणि मी १९३० ला फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. हा सायबर फ्रॉडचा सरकारी नंबर आहे, पाठ करून ठेवा, देशभर हाच. त्यांनी कार्डाचे शेवटचे चार आकडे, वेळ, रक्कम, मेसेजमधला ट्रान्झॅक्शन नंबर विचारला आणि तक्रार क्रमांक दिला, मग रात्री सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर पूर्ण तक्रार भरली, स्क्रीनशॉट जोडले. फसल्यापासून फोन लागेपर्यंत साधारण २५ मिनिटं गेली होती. तेवढ्यात २४,९९९ चे त्यानं गिफ्ट व्हाउचर घेऊन टाकले होते, ते गेलेच. १४,९९९ वॉलेटमध्येच होते ते अडवले आणि मार्चमध्ये माझ्या कार्डावर परत जमा झाले. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा हिशोब असतो हा. लोक आधी नवऱ्याला सांगू का, बँकेत उद्या जाऊन विचारू का असं करत बसतात, तसं नका करू, आधी १९३०.

बँकेनं बाकीच्या पैशाला सरळ नाही म्हटलं. मला तेव्हा खूप राग आला होता पण नियम वाचल्यावर कळलं. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानंच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. पण ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ, तक्रार क्रमांक, मेसेज सगळं जपून ठेवायचं.

याच फसवणुकीच्या अजून दोन तऱ्हा पोलीस स्टेशनला बसलेली असताना कळल्या त्या पण सांगते. एक म्हणजे व्हॉट्सॅपवर मेनू कार्ड म्हणून फाइल पाठवतात, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. मेनू हा फोटो असतो नाहीतर पीडीएफ असते, मेनू बघायला ॲप टाकावं लागत नाही. ते टाकलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी सांगायची पण गरज उरत नाही, तो आपोआप त्यांच्याकडे जातो. दुसरी म्हणजे नकाशावरचा नंबर. गूगल मॅप्सवर कुठल्याही हॉटेलचा नंबर बदला असं कुणीही सुचवू शकतं, आणि कधी कधी तो बदलतो सुद्धा. म्हणजे जाहिरात टाळून नकाशावरून नंबर घेतला तरी शंभर टक्के खात्री नाही. मी आता काय करते, तिथंच गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो उघडते, त्यात कुणीतरी बिलाचा नाहीतर दारावरच्या पाटीचा फोटो टाकलेला असतोच, त्यावर छापलेला नंबर बघते, मुंबईचा लँडलाइन ०२२ ने सुरू होतो, आणि तो जुळला तरच फोन. फेसबुकच्या पानावर पेज ट्रान्स्परन्सी म्हणून असतं तिथं ते पान कधी काढलं ते दिसतं, मी नंतर बघितलं तर ते नऊ दिवसांपूर्वीचं होतं. कित्येक वर्षं चाललेल्या हॉटेलचं पान नऊ दिवसांचं.

आणि तरुण मुलांसाठी एक वेगळं, कारण माझा भाचा यावर्षी नोकरीला मुंबईला गेलाय म्हणून डोक्यात आहे. डेटिंग ॲपवर ओळख झालेली मुलगी स्वतःच ठराविक कॅफे नाहीतर बार सुचवते, भराभर ड्रिंक मागवते, मधेच फोन आला म्हणून निघून जाते आणि बिल येतं हजारोंचं, आणि दारात माणसं उभी. मुंबई, दिल्ली, हैदराबाद तिन्हीकडे असे प्रकार उघडकीस आलेत. जागा आपण ठरवायची आणि मेनूवर दर बघितल्याशिवाय ग्लासला हात लावायचा नाही, आणि अडवलं तर तिथूनच पोलिसांना ११२ वर फोन.

आम्ही गेलो का मुंबईला, तर गेलो. मी म्हणत होते नको, कॅन्सल करू, मला खायची इच्छाच उरली नव्हती. बाबाच म्हणाले तिकिटं काढलीत, ४० वर्षं थांबलोय, आता त्या चोरापायी थांबायचं नाही. शनिवारी साडेबाराला त्या हॉटेलच्या दारात पोचलो. दारात एक वयस्कर काका स्टुलावर, मांडीवर लांबट वही, पेन्सिलीनं नाव आणि किती माणसं एवढंच लिहून घेत होते. पैसे नाही, फोन नंबर नाही, काही नाही. आईला बघितल्याबरोबर आतून खुर्ची मागवली. वीस मिनिटांत नंबर लागला. मी त्यांना जाहिरातीचं दाखवलं तर म्हणाले ताई आमच्याकडे असली ऑफर कधीच नव्हती, बुकिंगचे पैसे पण आम्ही घेत नाही, रोज कुणी ना कुणी येऊन भांडतं की आम्ही पैसे भरलेत, टेबल द्या. गल्ल्याच्या मागे तसा बोर्ड पण लावलाय, पण तो बोर्ड तिथं पोचलेल्यालाच दिसतो, आम्ही सोलापुरात बसून फोन लावणाऱ्यांना कुठून दिसणार.

बाबांनी आईच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. आईनं मला तिथं पैशांबद्दल एक शब्द विचारला नाही.

काल रात्री तीच जाहिरात परत दिसली. हॉटेलचं नाव वेगळं आहे, पुण्यातल्या एका थाळीवाल्याचं, पण ताट तेच, मधे पुरणपोळी आणि डाव्या कोपऱ्यात तोच पिवळा ढोकळा. मी रिपोर्ट केलीय, पण एकटीनं केलेल्या रिपोर्टनं ती अजून गेलेली नाही. तुम्हाला दिसली तर नंबर लावू नका, वरचे तीन ठिपके दाबून रिपोर्ट करा, आणि घरातल्या ज्या माणसाच्या अंगावर ट्रिपचं बुकिंग टाकलेलं आहे त्याला आजच हे वाचायला द्या.