दगड-मातीच्या भिंतीला गिलावा: चुन्याचा की सिमेंटचा?

मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीला चुनाच लावावा. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते; चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंटमागे कोंडते, क्षार फुलतात, गिलावा पोकळ वाजू लागतो आणि सुटताना दरजांतली मातीही घेऊन येतो.

प्रमाण: मुरवलेला चुना १, चाळलेली जाडसर वाळू ३. थर ८ ते १० मिमी, जास्त नको. भिंत आधी भिजवायची, नंतर आठवडाभर ओलं गोणपाट. उन्हात भरभर सुकला तर हाताला पांढरी पूड लागते, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट व्हायला चुन्याला ओलावा लागतो.

सिमेंट लवकर घट्ट होतं; काँक्रीटवर, न्हाणीघरात तेच बरं. चुन्याला दोन थरांमध्ये थांबावं लागतं, आणि घाईतला ठेकेदार नेमकं तिथेच गुपचूप सिमेंट मिसळतो.