पेनड्राइव्ह, व्हायरस आणि फुकटची सॉफ्टवेअर: काय ठेवलं, काय काढलं

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दाखल्यांच्या आणि प्रवेशांच्या दिवसांत सकाळपासून लोकांचे पेनड्राइव्ह येत-जात असतात आणि त्यातल्या बऱ्याच पेनड्राइव्हमध्ये काही ना काही व्हायरसची घाण असते. त्यामुळे फुकटचे अँटिव्हायरस आणि इतर छोटी सॉफ्टवेअर मी हौस म्हणून नाही, गरज म्हणून वापरून पाहिली. घरच्या लॅपटॉपवर मुलगी अभ्यास करते, तिथेही तीच टाकली. माझं मत आधीच सांगते. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू ठेवा, त्याच्यावर दुसरा फुकट अँटिव्हायरस चढवू नका, आणि 'कॉम्प्युटर फास्ट करतो' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला आत घेऊच नका.

दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, म्हणजे दुहेरी पहारा वगैरे काही मिळत नाही. मी ठेवलेला एक फुकटचा अँटिव्हायरस गिऱ्हाइकाचा फॉर्म भरताना, नेमकी ओटीपी टाकायच्या वेळी, कोपऱ्यातून 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' अशी खिडकी उघडायचा. धोका काहीच नसायचा, पैसे भरायची विनंती असायची. समोर बसलेला माणूस मात्र घाबरायचा, कारण त्याचं आधार कार्ड माझ्या स्क्रीनवर उघडं असायचं. लोकांची अशी कागदपत्रं हाताळणाऱ्या दुकानात हे चालणार नाही. शिवाय फुकट देणारा पैसे कुठून काढतो हेही बघायला हवं. फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्ट कंपनीने वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. त्यासाठी २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

डिफेंडरमध्ये दोन गोष्टी स्वतः जाऊन बघाव्या लागतात. नको ती अ‍ॅप अडवणारा पर्याय चालू आहे ना, हे 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'मध्ये तपासा. आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरसाठी असलेला 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' मुद्दाम चालू करा, तो मुळात बंद असतो. चालू केल्यावर माझ्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह करता येईना. परवानगीच्या यादीत त्याचं नाव घातलं आणि काम सुरळीत झालं.

आता पेनड्राइव्ह. आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो तो शॉर्टकट व्हायरस. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, सगळे फोल्डर दिसतायत पण उघडत नाहीत." प्रत्येक फोल्डरच्या चित्राला खाली छोटा बाण असतो. खरे फोल्डर व्हायरसने लपवलेले असतात आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडलेले असतात. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते. पेनड्राइव्ह उघडण्याआधी त्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करायचं, ही सवय मी दुकानातल्या मुलालाही लावली आहे. विंडोजच्या फुल स्कॅनवर विसंबून चालत नाही, मुळातल्या सेटिंगमध्ये तो पेनड्राइव्ह वगळतो.

स्कॅनने व्हायरस जातो, पण फोल्डर लपलेलेच राहतात. इथे लोकांचा धीर सुटतो. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो आणि माणूस तो फॉरमॅट करून टाकतो. तसं अजिबात करू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून किती जागा भरली आहे ते बघा. जागा भरलेली असेल तर फायली आत आहेत. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'अ‍ॅट्रिब' कमांडने हिडन आणि सिस्टिम या दोन्ही खुणा काढल्या की सगळं परत दिसतं. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. एका मावशींच्या पेनड्राइव्हमधले मुलाचे सगळे मार्कशीट असेच परत मिळाले, तेव्हा त्या खुर्चीतून उठून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक फाइल उघडून बघितली.

व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरला असेल, तर तो गेल्यावरही कधी कधी मागे शेपूट उरतं. मशीन चालू होताच 'स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' अशी खिडकी येते. त्यावर उपाय म्हणजे ऑटोरन्स. मार्क रुसिनोविच या प्रोग्रामरच्या सिसइंटर्नल्स या विंडोजसाठीच्या साधनांच्या संचातलं हे सॉफ्टवेअर, २००६पासून मायक्रोसॉफ्टचं. मशीनबरोबर काय काय सुरू होतं त्याची लांबलचक यादी ते दाखवतं, आणि ज्याची फाइलच उरलेली नाही ती ओळ पिवळी असते. पिवळ्या ओळीसमोरची टिकची खूण काढायची, लगेच डिलीट करायची नाही. सवय नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा. पण हाती आलं की यासारखं दुसरं नाही.

कॉम्प्युटर साफ करून फास्ट करतो म्हणणारे क्लीनर मी सगळे काढले. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करून मशीन पळतं, हा अनुभव मला एकदाही आला नाही. सीक्लीनर या क्लीनरच्या बाबतीत तर २०१७मध्ये अधिकृत ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवलं होतं, आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार लोकांपर्यंत पोचली होती. डिस्क भरली असेल तर विनडिरस्टॅट टाका. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते रंगीत चौकटींत दिसतं. माझ्याकडे सगळी जागा स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफनी अडवली होती, ते तिथे एका नजरेत कळलं.

एव्हरीथिंग हे फायली शोधणारं सॉफ्टवेअर तर मी कुणालाही डोळे झाकून सांगेन. गिऱ्हाईक दारातून 'मागच्या वर्षीचं प्रतिज्ञापत्र' म्हणतं, आणि नावाची चार अक्षरं मराठीत टाकेपर्यंत फाइल समोर हजर. फाइलच्या आतला मजकूर मात्र ते सहजी शोधत नाही, त्यामुळे फायलींना नावं नीट द्या.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे जपानी सॉफ्टवेअर हार्डडिस्कची तब्येत सांगतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध. पिवळ्यात 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स'चा, म्हणजे डिस्कच्या बाद झालेल्या तुकड्यांचा, आकडा वाढत चालला असेल, तर त्याच दिवशी बॅकअप घ्या.

दुकानवाल्यांनी परवान्याकडेही बघावं. मालवेअरबाइट्स या व्हायरस शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती शंका आली की एकदा स्कॅन करायला उत्तम, पण ती घरगुती वापरासाठी आहे, म्हणून ती मी लॅपटॉपवरच ठेवली. एव्हरीथिंग, विनडिरस्टॅट, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि फायली दाबून लहान करणारं सेव्हन-झिप धंद्यातही चालतात. आणि जे घ्याल ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. गुगलवर सगळ्यात वर दिसणारं हिरवं डाउनलोडचं बटण बहुतेक वेळा जाहिरात असते.