जप्त घरं भाड्याने द्यायची तर कशी? क्लीव्हलँड, शिकागो आणि सिनसिनाटीचे तीन मार्ग

हप्ते थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेलं घर शहराच्या पैशातून विकत घ्यायचं, नीट करायचं आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडेल अशा भाड्याने द्यायचं, या ठरावाला सभागृहात सहसा कुणी विरोध करत नाही. अडचण पुढे येते. कोणती घरं घ्यायची, ती चालवणार कोण, आणि पंधरा वर्षांनी त्यांचं काय होणार? अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी आता गावच्या समित्यांवर आणि ना-नफा संस्थांच्या संचालक मंडळांवरही दिसतात. तुमच्यापुढे असा प्रस्ताव आला असेल, तर मिडवेस्टमधली ही तीन शहरं आधी बघा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो: घर किती स्वस्तात मिळतंय यावर भाळू नका. या सगळ्या हिशेबात खरेदीची किंमत बहुतेक वेळा सर्वांत लहान रक्कम असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकन काँग्रेसने ‘नेबरहूड स्टॅबिलायझेशन प्रोग्राम’ मंजूर केला आणि शहरं-राज्यांना जप्त, ओसाड घरांसाठी ३९२ कोटी डॉलर दिले. २००९ आणि २०१० च्या आणखी दोन फेऱ्या धरल्या तर एकूण रक्कम ७०० कोटींच्या जवळ गेली. त्यात एक अट होती: किमान चौथा हिस्सा अशा कुटुंबांसाठी, ज्यांचं उत्पन्न त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या निम्मं किंवा त्याहून कमी आहे. एवढ्या कमाईवर त्या काळात घरकर्ज कोण देणार? त्यामुळे विकण्याऐवजी भाड्याने देण्याकडे शहरं वळली, ती मुख्यतः या अटीमुळे. दुसरी अट वेळेची होती. पहिल्या फेरीचे पैसे कोणत्या कामाला जाणार, हे अठरा महिन्यांत करार करून पक्कं करायचं होतं. रोख पैसे घेऊन फिरणारे गुंतवणूकदार समोर, आणि शहराला मात्र मूल्यांकन, पर्यावरण तपासणी, मंजुरी या सगळ्यातून जायचं. चांगली घरं बरेचदा गुंतवणूकदारांच्या हाती लागली.

घराच्या आत

वर्षभर रिकाम्या राहिलेल्या घराची अवस्था किमतीवरून कळत नाही. क्लीव्हलँडचा हिवाळा एकदा जरी हीटिंग बंद ठेवून गेला, तरी नळांत उरलेलं पाणी गोठून नळ फुटतात, आणि वसंतात बेसमेंटमध्ये पाणी साचतं. त्याआधी कुणीतरी तांब्याच्या नळ्या कापून भंगारात विकलेल्या असतात. फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) आणि पाणी तापवायची टाकीही गेलेली असते. घर १९७८ पूर्वीचं असेल (या शहरांत बहुतेक तसंच असतं) तर खिडक्यांच्या चौकटींवर विषारी शिशाचा रंग सापडण्याची शक्यता मोठी. लहान मुलं राहणार असतील तर तो काढल्याशिवाय किंवा पक्का झाकल्याशिवाय गत्यंतर नाही. क्लीव्हलँडने तर २०१९ मध्ये नियमच केला: इतकं जुनं घर भाड्याने द्यायचं तर शिशापासून सुरक्षित असल्याचा दाखला हवा.

आपल्याकडच्या बँक-लिलावाच्या जाहिरातीत ‘जसे आहे जेथे आहे’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ इथेही तोच.

आता एक मांडणी करून बघू. आकडे माझे, नमुन्यादाखल घेतलेले. घर १५,००० डॉलरला, दुरुस्ती १,२०,००० ला, एकूण १,३५,०००. भाडं महिना ८५०, म्हणजे वर्षाला १०,२००. त्यातून घरपट्टी १,८००, विमा १,२००, व्यवस्थापन १,०२०, किरकोळ दुरुस्ती आणि रिकामे महिने मिळून ३,०००, छत-बॉयलरसाठी राखीव ५००. हातात उरले २,६८०. एवढ्यावर वीस वर्षांचं, सात टक्क्यांचं कर्ज जेमतेम २९,००० डॉलरचं पेलतं. उरलेले एक लाख सहा हजार कुणीतरी परत न मागण्याच्या बोलीवर द्यायचे. घर फुकट मिळालं असतं तरी ही खिंड, म्हणजे खर्च आणि पेलणारं कर्ज यांतली तफावत, फक्त पंधरा हजारांनी अरुंद झाली असती.

तिन्ही शहरांची तुलना मी या खिंडीवरूनच करतो.

क्लीव्हलँड: भाडं आधी, मालकी नंतर

इथला स्लाव्हिक व्हिलेज हा भाग फोरक्लोजरच्या (थकलेल्या कर्जापायी घरं जप्त होण्याच्या) संकटात देशभर गाजला. पण इथली भाडे-ते-मालकी पद्धत संकटाच्या कितीतरी आधीची. १९८१ मध्ये सुरू झालेल्या क्लीव्हलँड हाउसिंग नेटवर्कने (आजचं नाव सीएचएन हाउसिंग पार्टनर्स) १९८६ च्या कायद्याने आलेल्या लो-इन्कम हाउसिंग टॅक्स क्रेडिटचा वापर विखुरलेल्या सुट्या घरांसाठी केला. गुंतवणूकदार करसवलतीच्या बदल्यात भांडवल घालतो, त्यामुळे खिंडीचा मोठा भाग शहराला भरावा लागत नाही. कुटुंब परवडणाऱ्या भाड्याने राहतं आणि पंधरा वर्षांनी ते घर बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीला विकत घेऊ शकतं.

मला हा मार्ग मनापासून आवडतो. भाडेकरूला घराची काळजी घ्यायला खरं कारण मिळतं, आणि पंधरा वर्षांनी शहराच्या गळ्यात जुनी घरं पडत नाहीत. पण हे काम नवशिक्याचं नाही. करसवलतीच्या व्यवहाराला वकील, हिशेबनीस, वार्षिक तपासण्या लागतात. पाच-सात घरांसाठी तो खर्च परवडत नाही, डझनावारी घरं एका गठ्ठ्यात बांधावी लागतात. शिवाय विखुरलेली घरं म्हणजे विखुरलेली छतं. एका दिवसात चार टोकांना चार तक्रारी आल्या तर प्लंबरचा वेळ गाडीतच जातो.

जाता जाता आणखी एक: याच काउंटीत २००९ पासून लँड बँक, म्हणजे ओसाड आणि जप्त घरं ताब्यात घेऊन मार्गी लावणारी सार्वजनिक संस्था, आहे. गृहकर्जांच्या व्यवहारातल्या फॅनी मेसारख्या संस्थेकडून तिला काही घरं एका डॉलरला मिळाली, आणि तरी त्यांतली बरीच पाडावी लागली. मागणीच नसलेल्या गल्लीत घर दुरुस्त करण्यापेक्षा पाडणं शहाणपणाचं असतं, हे समितीत बोलायला कुणाला आवडत नाही.

शिकागो: एकाच छताखाली दोन ते सहा बिऱ्हाडं

शिकागोला तिन्ही फेऱ्या मिळून सुमारे १६ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. शहराने स्वतः घरं घेत बसण्याऐवजी मर्सी हाउसिंगच्या एका उपसंस्थेला व्यवस्थापक नेमलं: घरं शोधणं, बँकांशी घासाघीस, ठेकेदार-विकासकांकडे सोपवणं, सगळं तिच्याकडे. शहर मोजक्या वस्त्यांवर लक्ष ठेवून होतं.

शिकागोची खरी जमेची बाजू मात्र तिथल्या विटांच्या इमारतींत आहे. टू-फ्लॅट, थ्री-फ्लॅट, सहा बिऱ्हाडांची जुनी बांधकामं. एक छत, एक पाया, एकच पाण्याची जोडणी, आणि भाडी दोन ते सहा. वरच्या मांडणीतल्या दुरुस्तीच्या आकड्याला बिऱ्हाडांनी भागून बघा, म्हणजे फरक लक्षात येईल. एक बिऱ्हाड रिकामं झालं तरी इमारतीचं उत्पन्न शून्यावर येत नाही. सुट्या घरात मात्र भाडेकरू गेला की सगळंच गेलं.

उणी बाजू अशी की इथे बहुतेक पैसे अनुदानाचेच. केंद्राचा ओघ आटला की तसाच दुसरा टप्पा उभा राहत नाही. आणि परवडणाऱ्या भाड्याची सक्ती कायमची नसते: त्या काळच्या निकषांत बिऱ्हाडामागे ४०,००० डॉलरपेक्षा जास्त मदत असेल तर किमान पंधरा वर्षं, त्याहून कमी असेल तर दहा किंवा पाच. वस्ती सुधारली तर नेमक्या त्या वेळी भाडी मोकळी होतात.

सिनसिनाटी: एकदम १९४ घरं

तिसरा मार्ग नवा आहे. फोरक्लोजरच्या लाटेनंतर वॉल स्ट्रीटच्या कंपन्यांनी सुटी घरं गठ्ठ्याने घेऊन भाड्याने द्यायला सुरुवात केली. तसाच एका परराज्यातल्या मालकाचा सिनसिनाटीतला १९४ घरांचा गठ्ठा कर्ज थकल्यामुळे विक्रीला आला. ‘द पोर्ट’ या सार्वजनिक विकास प्राधिकरणाने कर्जरोख्यांच्या पैशातून, खासगी गुंतवणूकदारांशी स्पर्धा करून, तो सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरला घेतला. व्यवहार २०२२ च्या सुरुवातीला पुरा झाला. सरासरी घरामागे ७५,००० च्या आत.

इथे सर्वांत मोठा फरक म्हणजे बऱ्याच घरांत माणसं राहत होती. अशा घरांत रिकाम्या घराची फुटलेली नळी नाही, चोरीला गेलेला फर्नेस नाही, भाडं पहिल्या महिन्यापासून सुरू. उद्दिष्ट हे की घरं नीट करून शक्य त्या भाडेकरूंनाच विकायची. पण कर्जरोख्यांचं व्याज द्यावंच लागतं, आणि ते याच भाड्यातून. आधीच्या मालकाने टाळलेली दुरुस्ती भाडं न वाढवता करायची, ही तारेवरची कसरत आहे. राहती घरं म्हणून दुरुस्ती कमी लागेल असं गृहीत धरणं धोक्याचं. कितीतरी घरांत भाडेकरू निमूट गळकं छत सहन करत असतो.

मग काय निवडायचं?

तुमच्या गावात जुन्या दोन-चार बिऱ्हाडांच्या इमारती असतील, तर शिकागोच्या वाटेने जा, पण भाड्याच्या सक्तीची मुदत किमान तीस वर्षं मागा. मदत देताना शहराचं पारडं जड असतं, नंतर नसतं. सगळी सुटीच घरं असतील आणि वीस-पंचवीस वर्षं टिकलेली भक्कम संस्था गावात असेल, तर क्लीव्हलँड. तशी संस्था नसेल तर तो प्रयोग करू नका. शेजारच्या काउंटीतल्या अनुभवी संस्थेला बोलवा. सिनसिनाटीचा मार्ग मागून मिळत नाही. असा गठ्ठा कधीतरीच विक्रीला येतो, आणि तेव्हा रोखे काढण्याचा अधिकार असलेलं प्राधिकरण तयार लागतं.

संस्था कुठलीही असो, ठरावाला हात वर करण्याआधी तिच्याकडे दोन कागद मागा: आज ती चालवत असलेल्या विखुरलेल्या घरांचा गेल्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष दुरुस्ती-खर्च, आणि राखीव निधीच्या खात्यातली शिल्लक. पहिला कागद नसेल तर संस्थेला खर्च माहीत नाही. दुसरा नसेल तर पुढचं छत तुम्हालाच घालायचं आहे.